पश्चिमेचं पाणी

१० नोव्हेंबर १९९३, बुधवार

माझी शाळा सुटली जूनमध्ये, आलोशियसची नोकरी सुटली ऑक्टोबरअखेर. बहरीनचा व्हिसा महिनाअखेरपर्यंतचा, विमान एकोणतीसचं. सामान बांधून झालं, पडदे धुऊन मालकाला परत दिले. सगळं शिस्तीत चाललेलं असताना आज जेवताना आलोशियस म्हणाला, "माझी होडी आता इक्बालची. त्याला ती झल्लाकला पोचवायची आहे. आपण दोघं जाऊ या. पाण्यातून."

मी म्हटलं, "झल्लाकला गाडीने अर्धा तास लागतो."

"म्हणून तर. होडीने आठवडा लागेल."

हे उत्तर नव्हे. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पुढची व्यवस्था इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण लोकांना ती स्पष्ट सांगता येत नाही. भारतात गेल्यावर मी वांद्र्याला राहणार, माझी बहीण एस्थर हिच्या फ्लॅटवर. ती एकटी आहे, खोली रिकामी आहे. आलोशियस वसईला, पाचूबंदरला, त्याच्या वडिलांच्या घरी. ते कोळी, घर अगदी समुद्राला लागून. भांडण झालेलं नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली. त्यातली बहुतेक तो टगबोटीवर शिफ्टला आणि मी शाळेत. तो दारातून आत यायचा तेव्हा मी बाहेर पडायची. एकमेकांना आम्ही नीट निभावलं, कारण फारसे भेटलोच नाही. आता दिवसरात्र एका छपराखाली राहायचं तर त्याचा रेडिओ, माझी पहाटेची प्रार्थना. त्याला खिडकी उघडी हवी, मला बंद. या वयात कोण कुणासाठी बदलणार? सुचवलं मीच. तो "बरं" म्हणाला आणि होडीला रंग द्यायला निघून गेला. त्याला काही वाटलं असतं तर बोलला असता.

एलरॉयला संध्याकाळी होडीचं सांगितलं. आमचा मुलगा, इथेच बँकेत आहे. म्हणाला, "मम्मी, यू कान्ट इव्हन स्विम!"

मला काय काय जमत नाही याची मोजदाद माझ्या मुलाने करावी हे मला आवडलं नाही. जाणार म्हणून सांगून टाकलं.

१३ नोव्हेंबर, शनिवार

मआमीरच्या खाडीतून सकाळी निघालो. होडी आज पहिल्यांदा आतून पाहिली. रिकाम्या हातांना काम नसलं की काय होतं त्याचा तो नमुना आहे. वर कनात, कनातीला पडदा, पडद्यामागे लाकडी कमोड. (तो मात्र चांगला केला आहे.) पाठ टेकायला उशी शिवलेली खुर्ची. छत्री अडकवायला खुंटी. आणि चष्मा, पेन, वही ठेवायला एक फळी, तिच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी, लाट आली तरी काही घरंगळू नये म्हणून. हे सगळं सुतारकाम आठवड्याने इक्बालचं होणार, आणि इक्बाल तिथे मासळीच्या टोपल्या ठेवणार. मी तसं बोलून दाखवलं.

आलोशियस म्हणाला, "बाई, फळी हाताला बरोबर येते का ते सांगा."

तो मला बाई म्हणतो. लग्न झालं तेव्हा मी बी. ए. होऊन वसईत शिकवत होते आणि तो बोटीवर होता. तेव्हा आदराने म्हणायचा. नंतर चेष्टेने. आता कशाने म्हणतो ते मी विचारलेलं नाही.

चढताना पायरी गुडघ्याला उंच पडली. सांगितल्याबरोबर त्याने करवत काढली. "किती हवी?"

"सहा इंच. शाळेच्या जिन्याला सहाच असतात."

"सहा," तो म्हणाला. कापताना पुन्हा एकदा म्हणाला, "सहा." पाठांतर करावं तसं. एका पायरीसाठी!

नबीह सालेह बेटापाशी कोस्ट गार्डची बोट आडवी आली. तरुण शिपाई. पास पाहिला आणि विचारलं, "नोखादा कोण?" म्हणजे होडीचा तांडेल कोण. आलोशियसने छातीवर थाप मारली.

"अँड मदाम?"

"मदाम इज पॅसेंजर."

बरोबरच आहे. तरी तो शब्द दिवसभर दातात अडकून राहिला.

१४ नोव्हेंबर, रविवार

तुबलीच्या खाडीत मुक्काम. चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा, एकेका पायावर, अगदी न हलता. माझ्या कुठल्याही वर्गाने इतकी शांतता पाळली नाही.

आलोशियसचा पाण्याचा हिशेब आज समजून घेतला. दर शुक्रवारी न चुकता मिस्साला जाणारा माणूस (इथे आमचा रविवार शुक्रवारी येतो), पण भरती-ओहोटी मोजतो तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की पाणी पूर्ण भरण्याची वेळ. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळे दर्यावर्दी हेच करतात म्हणे. इथे त्यात थोडी भर घालायची, ती त्याने सित्र्याच्या धक्क्यावर इतकी वर्षं काढून बसवली आहे. "बापाने मला पोहायच्या आधी पाऊणपट शिकवली," तो म्हणाला.

"आणि चुकली तर?"

"पाणी चुकत नाही, बाई. माणसं चुकतात."

आज त्याने सांगितलेल्या वेळेला पाणी वळलं. मी घड्याळ हातात धरून बसले होते. मान्य करावं लागलं.

१५ नोव्हेंबर, सोमवार

वारा. निघालो नाही. रेडिओवरून वाद. शेवटी बातम्यांपुरता लावायचा ठरलं. बातम्या संपल्यावर त्याने तो न सांगता बंद केला आणि विचारलं, "पडदा उघडा ठेवू की बंद?" अर्धा ठेवला. दोघांपैकी कुणालाच हवा तसा तो नव्हता. झोप मात्र लागली.

मध्येच विचारतो, "लिहायचं टेबल खिडकीशी असावं की भिंतीशी?" मी म्हटलं, खिडकीशी, पण उजेड डावीकडून यायला हवा, नाहीतर हाताची सावली पडते. हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतं. होडीत टेबल नाही. खिडकीही नाही. म्हातारपणी माणूस काहीही विचारतो.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

आज सुकाणू माझ्या हातात होतं!

मनामा आणि मुहर्रक यांच्यामधल्या पाण्यातून जात होतो. दोन्ही बाजूंना घरं, वाहनांचे भोंगे, आणि मध्ये आमची टुकटुक. आलोशियस म्हणाला, "खांदा भरून आलाय. जरा धरता का, बाई?" आणि उत्तराची वाट न पाहता उठला. भरून आलेल्या खांद्याने नंतर त्याने सगळा मागचा भाग घासून धुतला, हेही नमूद करते.

सुकाणू उलटं चालतं. उजवीकडे ढकललं की नाक डावीकडे. पहिला काही वेळ आम्ही दारू प्यायल्यासारखे गेलो. एका मासेवाल्याने हात वर करून "या मदाम!" अशी आरोळी ठोकली. (अरबीत 'या' म्हणजे 'अहो'.) मग मला त्यातलं गमक कळलं: ढकलायचं नाही, सुचवायचं. आणि सुचवल्यावर थांबायचं. माझ्या स्वभावात हे बसत नाही, पण जमलं. पुलाच्या दोन खांबांमधून होडी मी नेली. नीट मधून, कुठेही न घासता.

आलोशियस पुढे टोकाला पाठ करून बसला होता. टगबोटीचा माणूस, पुलाखालून जाताना त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

जेवायला सुकी करंदी आणि भाकरी. भाकरी जळली. खाल्ली.

१७ नोव्हेंबर, बुधवार

बुदैयाला पोचलो. बेटाच्या वरच्या टोकाला वळसा घालून आता पश्चिमेच्या बाजूला आलो आहोत. ही बाजू आलोशियसलाही नवी. त्याचं सगळं आयुष्य पूर्वेच्या बंदरात गेलं.

इथे किनाऱ्याला मासे धरायच्या कुडांच्या रांगा आहेत, हद्रा म्हणतात. काठ्यांचं कुंपण बाणासारखं समुद्रात गेलेलं. भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला अडकतात. जेवणाआधी बसल्या बसल्या त्या काठ्या पाहत होते. आलोशियसने पाणी पूर्ण भरल्याचं सांगितलं, तेव्हा काठ्यांवरची हिरवी शेवाळाची रेघ अजून चांगली वीतभर वर होती. जेवून भांडी धुऊन झाल्यावर पाहिलं, तर रेघ बुडालेली. म्हणजे त्याने सांगितल्यानंतरही पाणी बराच वेळ चढतच होतं. विचारणार होते. पण पाणी हा त्याचा विषय.

संध्याकाळी इक्बाल आणि खदिजा गाडीने भेटायला आले. रत्नागिरीकडचे, त्याचं सलमाबादला इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप, त्यांची सुहा माझी विद्यार्थिनी. खदिजाने सांदणं आणि नारळाचं दूध आणलं होतं. इक्बालने होडीभर फिरून पाहिलं आणि खुंटीला हात लावून म्हणाला, "टीचर, ही माझ्यासाठी लावली काय ओ? मी तर छत्री वापरत नाय."

"तुमच्या मित्राला विचारा."

"त्याला काय विचारायचं! वर्कशॉपमध्ये मागे लागलेला, कमोडची फळी गुळगुळीत करून दे, गुळगुळीत करून दे. म्हटलं, मासळीला कमोड कशाला?"

खदिजा हसून हसून लाल झाली. आलोशियस घाईघाईने म्हणाला की भावाला फोन करायचा आहे, आणि नाक्यावरच्या बूथकडे गेला. बराच वेळ बोलला. परतला तेव्हा खुशीत होता. "भाऊ बरा आहे," एवढंच.

मग दोघे पुरुष पाण्याच्या हिशेबावर बसले. इक्बालही पाऊणपटवाला. "आमचं तर कॅलेंडरच चंद्राचं," म्हणतो, "आम्हाला तिथी शोधायला पण लागत नाय." परवा झल्लाकला सकाळभर पाणी चढतं असणार, यावर दोघांचं एकमत झालं. शुक्रवारी एलरॉय आणि हे दोघे झल्लाकच्या धक्क्यावर आमची वाट पाहतील.

खदिजाने जाताना विचारलं, "मग वसईला कधी यायचं आम्ही, टीचर?" मी म्हटलं, बघू.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

जसऱ्याजवळ. पाण्यावर तेल ओतल्यासारखी शांतता. काठ्यांवर आजही तेच: त्याचं पाणी पूर्ण भरतं, काठ्यांचं भरत नाही.

उद्या पोचणार. प्रवास संपला की बरं वाटेल असं मी निघताना लिहिणार होते. ते आता लिहीत नाही.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सविस्तर.

सकाळी सौदीला जाणाऱ्या पुलाखालून बाहेर पडलो. पलीकडे झल्लाक: हॉटेलची पांढरी इमारत, धक्का, धक्क्यावर मुंग्यांएवढी माणसं. दोन वाटा होत्या. खोल पाण्याची लांबून, आणि वाळूच्या दांड्यावरून सरळ. आलोशियसने सरळ घेतली. "पाणी चढतंय. टेकलो तरी घटकाभरात उचलेल."

मी म्हटलं, "पण परवा त्या काठ्यांवर..."

"बाई, पॅसेंजरने देखावा बघायचा."

मी तोंड मिटलं. आणि होडी टेकली.

आवाज फारसा झाला नाही. जड खोकं जमिनीवर ठेवल्यासारखा. आलोशियसने इंजिन बंद केलं, हसला, घड्याळ पाहिलं. "आत्ता उचलेल." आम्ही थांबलो. पाणी चढण्याऐवजी बाजूची वाळू उघडी पडू लागली. खेकडे बाहेर आले. होडी हळूहळू एका अंगावर कलली आणि फळीवरचा माझा चष्मा पट्टीला टेकून थांबला. पडला नाही.

तो पाण्यात उतरून ढकलायला लागला. घोटाभर पाणी, एवढी होडी, साठीचा माणूस. "वर ये," मी म्हटलं. ऐकेना. "आलोशियस, वर ये!" असेंब्लीचा आवाज निघाला. तो वर आला आणि खाली मान घालून बसला. चेहरा राखेसारखा.

"हिशेब चुकत नाही, व्हेरॉनिका," तो म्हणाला. "बापाचा आहे. बापाच्या बापाचा आहे." मग म्हणाला, "पाणी कधी येईल मला माहीत नाही."

त्याच्या तोंडून पाण्याबद्दल "माहीत नाही" हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला नावाने हाक मारलेलीही बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

तेवढ्यात खोल पाण्यातून एक बहरिनी म्हातारा कोळी होडी घेऊन चालला होता, तो थांबला. इकडच्या हिंदीत ओरडला, "रस्सी देगा? हम खींचेगा. यल्ला!" आलोशियसचा हात दोरीकडे गेला. धक्क्यावर मुलगा, मित्र. आणि टगबोटीवर आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी ओढलेला हा माणूस दोरीला बांधून ओढत आणला जाणार. त्याला ते दिसत होतं. मलाही.

मी उभी राहिले. "नहीं चाहिए. शुक्रन. पानी आएगा!"

"कब?"

"जुम्मे की नमाज़ के बाद."

म्हाताऱ्याने माझ्या छत्रीकडे पाहिलं, "इंशाल्ला" म्हणाला आणि गेला.

आलोशियस माझ्याकडे बघत राहिला. मग मी त्याला काठ्यांचं सगळं सांगितलं, बुदैयाचं आणि जसऱ्याचं. फळा नव्हता म्हणून पेन्सिलीने होडीच्या कडेवर काढून दाखवलं. या बाजूला पाणी येत नाही असं नाही. उशिरा येतं, निदान जेवण-भांडी होण्याइतकं तरी. पूर्वेला जेव्हा चढू लागतं तेव्हा इथे अजून उतरत असतं. म्हणजे तुझी पाऊणपट बरोबर आहे, भर चुकली. ती भर पूर्वेच्या धक्क्याची. इथली वेगळी.

त्याने पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "मग बोलली का नाहीस?"

"पॅसेंजर होते ना."

तो हसायला लागला. इतका की होडी आणखी कलते की काय असं वाटलं. मीही हसले. मग मी चहा ठेवला. स्टोव्ह तिरका, पातेलं तिरकं, चहा मात्र कपात सरळ.

चहा पिताना तो म्हणाला, वाळूकडे बघत, "पाचूबंदरच्या घराच्या पायऱ्या सहा इंचांच्या करायला सांगितल्यात भावाला. गवंडी लागलाय. समुद्राच्या खिडकीशी टेबल. उजेड डावीकडून. कमोड घरातच." आणि घाईने, "ये म्हणून नाही सांगत. ठरलंय ते ठरलंय. कधी दोन दिवस आलीस तर तुझे गुडघे..."

वाळूवर एक खेकडा आपलं बीळ उकरत होता, तो पाहत राहिले.

"पायऱ्या सहा इंचांच्या केल्या म्हणजे त्यांची संख्या वाढली," मी म्हटलं. "कठडा ठेवलाय?"

"कठडा? नाही."

"नाही! जोत्यावर चढून जायचं आणि धरायला काही नाही. कसला गवंडी तो? त्याला उभं राहून कुणी काम दाखवणारं आहे का तिथे?"

"कुणी नाही," आलोशियस म्हणाला.

झल्लाकहून जुम्म्याचा खुत्बा, म्हणजे प्रवचन, लाउडस्पीकरवर ऐकू येत होता. मग नमाज झाली, लाउडस्पीकर थांबला. मी खेकड्याच्या बिळावर नजर ठेवून होते. आधी काहीच नाही. आलोशियसने बोटं होडीच्या कडेवर घट्ट धरली होती, माझी कुठे होती मला आठवत नाही. मग बिळात पाणी झिरपलं. मग बिळाभोवती. मग एक पातळ चकाकती जीभ वाळूवरून आली, मागे गेली आणि पुढच्या वेळी गेली नाही.

"आलं," तो म्हणाला. कुजबुजला, चर्चमध्ये बोलावं तसं. "बाई, आलं!"

"येणारच होतं," मी म्हटलं. त्याने तेवढ्यात माझे हात हातात घेऊन सुकाणूवर ठेवले. "तू ने. मी पुढे काठी टाकून खोली सांगतो."

होडी सरळ झाली. अंगाखाली काहीतरी सुटलं, आणि आम्ही तरंगत होतो. तो पुढून ओरडत होता, "छाती! ... छाती! ... कंबर, जरा बाहेर घे! ... गळा! चल!" आणि मी सुचवत होते, थांबत होते, सुचवत होते. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. धक्क्यावर इक्बालने टोपी काढून हवेत फिरवली. खदिजा टाळ्या वाजवत होती. एलरॉय पाण्यात गुडघाभर उतरला होता, मिस्साच्या चांगल्या पँटसकट, आणि ओरडत होता, "मम्मी! मम्मी इज ड्रायव्हिंग!" मी होडी धक्क्याला लावली. लावली म्हणजे टेकवली. खडूने फळ्यावर टिंब द्यावं तशी.

तिथेही कोस्ट गार्डचा शिपाई पास बघायला आला. "नोखादा कोण?"

आलोशियसने माझ्याकडे बोट केलं. "ही. आय अॅम पॅसेंजर."

शिपायाने मला सलाम केला. मी मान लववून घेतला. घेण्यासारखा होता.

इक्बाल मात्र आलोशियसला एका बाजूला ओढून विचारत होता, "अरे, पण आपली पाऊणपट?"

"टीचरला विचार," तो म्हणाला.

२८ नोव्हेंबर, रविवार

उद्या विमान.

एस्थरला फोन केला. सांगितलं की आधी पाचूबंदरला जावं लागेल, तिथे कठडा बसवून घ्यायचा आहे, गवंड्याला अक्कल नाही. तिने विचारलं, किती दिवस? म्हटलं, कठड्यावर अवलंबून. ती जोरात हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. तिची खोली तिने खुशाल भाड्याने द्यावी, अडवून ठेवू नये, असंही सांगितलं.

संध्याकाळी इक्बाल आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळी आणि खुंटी. "टीचर, ह्या माझ्या मासळीच्या काय कामाच्या?" आलोशियसच्या पेटीत त्याचा रेडिओ आहे, जागा नव्हती. माझ्या पेटीतून दोन साड्या काढून फळी तिथे ठेवली. ती कुठे ठोकायची ते मी स्वतः उभी राहून सांगेन.

आलोशियस म्हणतो, तिकडे पाऊणपट अगदी तंतोतंत चालते, भर वगैरे काही लागत नाही. मी ऐकून घेतलं. विश्वास ठेवलेला नाही. खिडकीसमोर एक काठी रोवायची आणि स्वतः पडताळून बघायचं. उधाण, भांग म्हणजे अष्टमीची लहान भरती, पावसाळा, उन्हाळा, सगळं धरून. याला निदान वर्ष तरी लागेल. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर मी कधीच निष्कर्ष काढत नाही.